जन्मजात ॲनिमिया आणि नवजात बाळातला स्ट्रोक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमिया म्हणजे अंगात रक्त कमी, आणि स्ट्रोक, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी अडणं किंवा फुटणं, हा उतारवयातला आजार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. हे दोन शब्द दोन दिवसांच्या बाळाच्या केसपेपरवर एकत्र दिसले की घरच्यांचा गोंधळ उडणं साहजिक आहे. बालरक्तविकारांच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या बाळाचे उपचार त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

नवजात बाळाचं हिमोग्लोबिन किती असायला हवं?

पूर्ण दिवसांच्या बाळाचं डेसिलिटरमागे साधारण १४ ते २० ग्रॅम. मोठ्या माणसापेक्षा हे जास्त असतं, कारण पोटात असताना ऑक्सिजन तुटपुंजा मिळतो आणि तेवढ्यावर भागवायला जास्त लाल पेशी लागतात. जन्मानंतर बाळ स्वतः श्वास घेऊ लागतं, ऑक्सिजन भरपूर मिळतो, आणि हाडांतली रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा काही आठवडे जवळपास सुट्टीवर जाते. त्यामुळे आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास हिमोग्लोबिन ९ ते ११ पर्यंत उतरतं आणि मग आपोआप चढू लागतं. हा उतार आजार नव्हे.

म्हणून नुसता आकडा सांगून कोणी काळजी व्यक्त केली, तर आधी बाळाचं वय विचारावं. दहाव्या आठवड्यातलं १० आणि पहिल्या दिवसाचं १० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘जन्मजात ॲनिमिया’ हे आजाराचं नाव आहे का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. ताप जसा लक्षण आहे तसाच ॲनिमियाही. त्याच्यामागे कोण आहे ते शोधावं लागतं.

काही बाळांत लाल पेशी पुरेशा बनतच नाहीत. डायमंड-ब्लॅकफन ॲनिमिया हा यातला सर्वांत ओळखीचा. दहा लाख जन्मांमागे साधारण पाच ते सात बाळांना तो असतो आणि बहुतेकांत पहिल्या वर्षातच उघड होतो. पेशीतल्या रायबोसोमची, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, घडण त्यात बिघडलेली असते. काही बाळांचा अंगठाही वेगळ्या घडणीचा असतो, म्हणून डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट वाचता वाचता बाळाच्या हाताकडे बघतात. दुसऱ्या प्रकारात पेशी बनायला सुरुवात होते, पण मज्जेतच त्या अर्धवट मोडतात. याला डिसएरिथ्रोपोएटिक ॲनिमिया म्हणतात. तिसऱ्या प्रकारात पेशी बनतात, बाहेरही पडतात, पण टिकत नाहीत. पायरुवेट कायनेज या एन्झाइमची कमतरता, पेशीच्या आवरणाचे दोष, आणि स्ट्रोकच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा जन्मजात टीटीपी (बारीक वाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आजार) हे या गटात मोडतात.

याशिवाय काही बाळं फिकट जन्मतात ती आनुवंशिक दोषामुळे नव्हे, तर प्रसूतीआधी त्यांचं रक्त वारेतून आईच्या रक्तात गेल्यामुळे. आईच्या रक्तावर क्लायहाउअर टेस्ट केली की ते कळतं. त्याला जन्मजात आजार समजू नये, पण तीव्र असेल तर तोही मेंदूला धोकादायक ठरतो.

लोहाचे थेंब दिले तर भरून निघेल का?

या आजारांत नाही. इथे लोहाची कमतरता नसते, उलट पुढे लोह साठण्याचीच भीती असते. कारण कळेपर्यंत स्वतःच्या मनाने लोह देऊ नका.

रक्तच कमी आहे, तर गुठळी कशी होईल? रक्त पातळ असायला हवं ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तर्क तसा चुकीचा नाही. घट्ट रक्ताने स्ट्रोक होऊ शकतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, ६५ टक्क्यांच्या वर गेलेल्या बाळांत तीच चिंता असते. पण मेंदूला इजा होण्याची वाट एकच नसते.

पहिली वाट पुरवठ्याची. तीन किलोच्या बाळाचा मेंदू साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचा असतो, म्हणजे शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच. हिमोग्लोबिन घसरलं की हृदय जोरात धावतं आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्या बळावर बाळ बरंच निभावून नेतं. पण वाहिन्या रुंदावून रुंदावून किती रुंदावणार? ती मर्यादा गाठल्यावर रक्तदाब थोडा जरी पडला, श्वास थोडा जरी अडखळला, तरी मेंदूचा काही भाग उपाशी राहतो. त्यात नवजात बाळाच्या रक्तात प्रामुख्याने गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. ते ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सहजासहजी सोडत नाही. अशा इजेला काटेकोर अर्थाने स्ट्रोक म्हणत नाहीत, पण एमआरआयवर डाग दिसतात आणि परिणाम भोगायचे ते भोगावेच लागतात.

दुसरी वाट फुटलेल्या पेशींची. लाल पेशी रक्तवाहिनीतच फुटल्या की आतलं हिमोग्लोबिन मोकळं होतं. वाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू ते शोषून घेतं. वाहिन्या आवळतात, गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट पेशी चिकट होतात. रक्त कमी आहे आणि तरीही गुठळीकडे कल आहे, ही विचित्र वाटणारी जोडी अशी जमते.

तिसरी वाट थेट गुठळ्यांची. तिथे क्रमच उलटा असतो. आधी बारीक वाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि त्यांतून वाट काढताना लाल पेशी चिरल्या जातात. ॲनिमिया हा गुठळीचा परिणाम, कारण नव्हे. जन्मजात टीटीपी हा असा आजार.

चौथी वाट आजारपणाची. नाळेत घातलेली नळी, जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं या गोष्टी आजारी बाळाच्या वाट्याला येतातच, आणि प्रत्येकीने गुठळीचा धोका थोडा वाढतो.

मग खरा धोका कोणत्या आजारांत?

डायमंड-ब्लॅकफन किंवा डिसएरिथ्रोपोएटिक ॲनिमियात नवजात काळातला स्ट्रोक हा नेहमीचा प्रश्न नसतो. हिमोग्लोबिन वेळेवर सावरलं तर मेंदू सहसा सुरक्षित राहतो. नाव अवघड आहे म्हणून धोकाही मोठा असेल असं धरून चालू नका.

जन्मजात टीटीपीची गोष्ट वेगळी. त्याला अपशॉ-शुलमन सिंड्रोमही म्हणतात. आपल्या रक्तात वॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रथिन असतं. जखम झाली की प्लेटलेटना धरून ठेवणं हे त्याचं काम. ते फार लांब होऊ नये म्हणून ॲडॅमटीएस-१३ नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करत राहतं, कात्रीसारखं. या बाळांना ती कात्री जन्मतःच नसते, किंवा असून नसल्यासारखी असते. न कापलेले लांब धागे प्लेटलेटना गोळा करतात आणि जिथे प्रवाह वेगवान आणि वाहिनी अरुंद, तिथे गुठळ्या अडकतात. मेंदू आणि मूत्रपिंड ही त्यांची आवडती ठिकाणं. या जनुकाचा छडा २००१ मध्ये लागला. आजार अतिदुर्मीळ आहे, दहा लाखांत एखादा. काहींना जन्मल्याबरोबर त्रास होतो, काहींना बालपणी तापाचं निमित्त होऊन, तर काही स्त्रियांमध्ये तो थेट पहिल्या गरोदरपणात उघडकीला येतो.

हा आजार फसवतो कसा ते पालकांनी माहीत करून घ्यावं असं मला वाटतं. पहिल्याच दिवशी जोराची कावीळ, हिमोग्लोबिन उतरलेलं, प्लेटलेट कमी. हे चित्र जंतुसंसर्गासारखं दिसतं किंवा आई-बाळाच्या रक्तगटाच्या विसंगतीसारखं. काविळीसाठी रक्त बदललं जातं आणि बाळ सुधारतं, कारण बदललेल्या रक्ताबरोबर दात्याच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातून, ती कात्रीही थोडी मिळालेली असते. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ते एन्झाइम शरीरात दोन-तीन दिवसांत निम्मं होतं. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, प्लेटलेट पुन्हा कोसळतात. कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींवर अँटिबॉडी चिकटल्या आहेत का ते पाहणारी) निगेटिव्ह, प्लेटलेट कमी आणि स्मिअरवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात, चिरलेल्या लाल पेशी असं त्रिकूट दिसलं, तर ‘ॲडॅमटीएस-१३ तपासायचं का?’ एवढा एक प्रश्न पालकांनी विचारायला काहीच हरकत नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणखी एक कारण अलीकडच्या काळात ध्यानात आलं आहे. सीओएल-फोर-ए-वन या जनुकातल्या दोषामुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर कमकुवत असतं. अशा बाळांना गर्भातच किंवा जन्माच्या सुमारास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्यांपैकी काहींत रक्तपेशी फुटून होणारा ॲनिमियाही आढळला आहे. स्ट्रोक आणि ॲनिमिया एकत्र, पण प्लेटलेट ठीक आणि डोळ्यांत मोतीबिंदूसारखा दोष असेल, तर तज्ज्ञ या दिशेने बघतात.

सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारात मुलांना स्ट्रोक होतो असं ऐकलंय. बाळालाही होईल का?

नवजात वयात सहसा नाही. इथे गर्भातलं हिमोग्लोबिन ढाल बनतं. ते पेशींना कोयत्यासारखं वाकू देत नाही. पहिल्या वर्षभरात ते ओसरत जातं आणि धोका साधारण दोन वर्षांनंतर खरा वाढतो. म्हणून दोन ते सोळा वर्षांच्या मुलांची दरवर्षी डोक्याची डॉपलर तपासणी करतात. मेंदूच्या वाहिनीतला वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर नियमित रक्त चढवतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मुलांतला पहिला स्ट्रोक त्यामुळे ९० टक्क्यांहून अधिक टळल्याचं दिसलं. दुर्मीळ आजारांच्या क्षेत्रात इतका स्पष्ट निकाल क्वचितच मिळतो.

काविळीने मेंदूला झालेली इजा म्हणजे स्ट्रोकच का?

नाही. पेशी फुटून बिलिरुबिन हे काविळीचं पिवळं द्रव्य फार वाढलं तर ते मेंदूच्या ठरावीक खोल भागांत जाऊन बसतं आणि तिथल्या पेशींना मारतं. ही वेगळी इजा आहे आणि वेळेवर निळ्या दिव्याखाली ठेवून किंवा रक्त बदलून ती टाळता येते. पण एकाच बाळात दोन्ही धोके असू शकतात. म्हणून पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ कधीच ‘होते बाळांना’ म्हणून सोडून देऊ नये.

स्ट्रोक झालाय हे कशावरून ओळखायचं? तोंड वाकडं होतं का?

नवजात बाळात तसं काही दिसत नाही, आणि म्हणूनच तो निसटतो. सर्वांत नेहमीचं लक्षण म्हणजे आकडी, बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत. तीही मोठ्यांसारखी नसते. एकच हात किंवा एकच पाय लयीत उडत राहतो. तो हात हलकेच धरला तर साधी थरथर थांबते, आकडी थांबत नाही. कधी नुसतं तोंडाचं चघळणं, एकटक बघणं, किंवा श्वास मध्येच थांबून निळं पडणं. काही बाळं फक्त मलूल होतात, दूध ओढत नाहीत, उठवलं तरी उठत नाहीत.

काही बाळांत मात्र त्या वेळी काहीच कळत नाही. चार-सहा महिन्यांनी घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येतं की खुळखुळा नेहमी एकाच हाताने घेतला जातो आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच असते. लोक कौतुकाने ‘डावखुरा होणार’ म्हणतात. एक वर्षाच्या आत मूल डावखुरं किंवा उजवखुरं नसतं. तसं दिसलं तर बालमेंदूतज्ज्ञाला दाखवा.

ॲनिमियाची स्वतंत्र लक्षणं म्हणजे फिकट ओठ आणि तळवे, दूध पिताना दमून घाम येणं, वेगाने चालणारा श्वास. प्लेटलेट कमी असतील तर अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके.

आकडी, श्वास थांबणं किंवा निळं पडणं यांपैकी काहीही झालं, की घरी थांबून बघत बसायचं नाही. बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. शक्य झालं तर मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

तपासण्या कोणत्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे का?

क्रम फार महत्त्वाचा आहे. या सगळ्या पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ती ही : रक्त किंवा प्लाझ्मा चढवण्याआधी बाळाच्या रक्ताचा नमुना बाजूला काढून ठेवलेला असावा.

कारण सोपं आहे. एकदा दात्याच्या पेशी बाळाच्या शरीरात गेल्या की पायरुवेट कायनेजची चाचणी दात्याचं एन्झाइम मोजते. डायमंड-ब्लॅकफनमध्ये वाढणारं एन्झाइम झाकलं जातं. हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी भेसळीची होते. प्लाझ्मा गेला की ॲडॅमटीएस-१३ खोटंच बरं दिसतं. मग तीन-तीन महिने थांबून पुन्हा तपासावं लागतं, आणि तेवढ्यात पुन्हा रक्त द्यायची वेळ येते. अशा चक्रात वर्ष-वर्ष अडकलेली मुलं असतात. बाळाचा जीव धोक्यात असेल तर अर्थातच आधी रक्त, पण सलाइनसाठी सुई लावतानाच दोन छोट्या नळ्या भरून घ्यायला वेगळा वेळ लागत नाही. नमुना राहूनच गेला असेल, तर आईवडिलांच्या रक्ताची तपासणी आणि जनुकीय चाचणी हे मार्ग उरतात.

सुरुवातीच्या तपासण्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतात : सीबीसी, रेटिक काउंट, स्मिअर, कूम्ब्स, बिलिरुबिन, एलडीएच. यातला रेटिक काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींची मोजणी, बरंच सांगून जातो. तो जास्त म्हणजे मज्जा कामाला लागली आहे आणि पेशी बाहेर कुठेतरी नष्ट होत आहेत. कमी म्हणजे कारखानाच बंद.

डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल आली. आता चिंता नाही ना?

टाळूवरून केलेली सोनोग्राफी रक्तस्राव चांगला दाखवते. गुठळीमुळे झालेला स्ट्रोक, विशेषतः मेंदूच्या पृष्ठभागाजवळचा, तिच्यातून सुटू शकतो. आकडी आली असेल तर एमआरआयच हवा, आणि तोही पहिल्या काही दिवसांत, कारण ताजी इजा त्या वेळी सर्वांत ठळक दिसते. बहुतेक नवजात बाळांना भूल द्यावी लागत नाही. पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून झोपवलं की काम होतं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.

रक्त चढवलं की धोका संपला?

ॲनिमियामुळे ताण आला असेल तर बराच कमी होतो. साधारण किलोमागे १० ते १५ मिली लाल पेशी काही तासांत सावकाश देतात. सावकाश यासाठी, की गर्भापासून ॲनिमिया असलेल्या बाळाचं हृदय आधीच दमलेलं असतं आणि एकदम भार टाकला तर ते कोलमडू शकतं. ‘एवढं कमी हिमोग्लोबिन आहे आणि हे थेंब-थेंब काय देताहेत’ असं वाटेल, पण ते योग्यच आहे.

जन्मजात टीटीपीत मात्र नुसत्या लाल पेशींनी भागत नाही. तिथे औषध म्हणजे प्लाझ्मा. पुढे बहुतेकांना तो दर दोन-तीन आठवड्यांनी, ताप-संसर्गात त्याहून लवकर द्यावा लागतो. प्रयोगशाळेत बनवलेल्या ॲडॅमटीएस-१३ एन्झाइमला नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. प्लाझ्माच्या पिशवीऐवजी छोटं इंजेक्शन, हा या कुटुंबांच्या आयुष्यात मोठाच बदल आहे. याच आजारात प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून प्लेटलेट चढवणं शक्यतो टाळतात, कारण ते गुठळीला आणखी सामान पुरवण्यासारखं होतं. गंभीर रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी.

मोठ्यांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. बाळाला का नाही?

नवजात बाळात रक्तस्रावाचा धोका फायद्यापेक्षा मोठा ठरतो. शिवाय स्ट्रोक कळेपर्यंत बहुतेकदा बरेच तास उलटून गेलेले असतात. उपचार म्हणजे आकडी थांबवणं, साखर, ताप, ऑक्सिजन, रक्तदाब सांभाळणं आणि मूळ कारणावर इलाज. हृदयातून गुठळी आली असेल किंवा मेंदूच्या शिरेत असेल तर गुठळी वाढू न देणाऱ्या हेपॅरिनचा विचार करतात.

पुन्हा स्ट्रोक होईल का?

नवजात काळात, अडीच ते पाच हजार जन्मांमागे एका बाळाला, धमनीत गुठळी होऊन स्ट्रोक होतो. त्यांतल्या बहुतेकांना तो आयुष्यात पुन्हा होत नाही. ही दिलासा देणारी गोष्ट पालकांना फारशी कोणी सांगत नाही. पण मागे जन्मजात टीटीपी, वाहिन्यांचा दोष किंवा हृदयविकार असेल तर हा दिलासा लागू पडत नाही. तिथे उपचार चालू ठेवणं हाच बचाव. आजाराचं नेमकं नाव शोधायचा आम्ही हट्ट धरतो तो याचसाठी.

बाळ चालेल का? बोलेल का?

इजा कुठे आणि किती आहे यावर ते ठरतं, पण एका बाजूच्या स्ट्रोकनंतर बहुतेक मुलं चालतात, थोडी उशिरा का होईना. हाताची बारीक कामं जास्त अडतात. भाषेच्या बाबतीत नवजात मेंदू थक्क करतो. डाव्या बाजूला इजा झाली तर भाषेचं काम अनेकदा उजव्या बाजूचा तोच भाग उचलतो. मोठ्या माणसाला हे साधत नाही. काही मुलांना पुढे फिट्स येतात, काहींना शाळेत लक्ष आणि गणिताची अडचण येते. त्यामुळे शाळेत जाईपर्यंत तरी फॉलोअप सोडू नये.

व्यायामोपचार निदानाबरोबर सुरू करावेत, अशक्तपणा दिसायची वाट बघू नये. एक पद्धत अशी की चांगला हात रोज थोडा वेळ मऊ मोज्यात ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागतं. बाळ चिडतं, आजी-आजोबांना ते बघवत नाही. तरीही थेरपिस्टने सांगितलं असेल तर करावं.

वारंवार रक्त दिल्याने काय होतं?

लाल पेशींच्या प्रत्येक मिलिलिटरबरोबर जवळपास एक मिलिग्रॅम लोह शरीरात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साठतं. म्हणून फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बघत राहायचं आणि वेळ आली की लोह काढणारी औषधं सुरू करायची. डायमंड-ब्लॅकफनमध्ये एक वर्षानंतर स्टेरॉइड देऊन बघतात, कारण त्याआधी दिलं तर वाढ खुंटते. बऱ्याच मुलांना त्याचा गुण येतो.

लसीकरणाच्या वेळी रक्त किंवा प्लाझ्मा कधी दिला होता ते आवर्जून सांगा. गोवराची लस त्यामुळे काही महिने पुढे ढकलावी लागू शकते.

गरोदरपणात माझं काही चुकलं का?

नाही. जनुकातला बदल खाण्याने, कामाने किंवा काळजी करण्याने होत नाही. हा प्रश्न आई बहुतेकदा एकटी असताना, हळू आवाजात विचारते. उत्तर मात्र आम्ही सगळ्या घरासमोर देतो.

पुढच्या मुलाचं काय?

जन्मजात टीटीपी आणि पायरुवेट कायनेजची कमतरता यांत आईवडील दोघेही वाहक असतात, स्वतः बहुधा निरोगी. प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. पहिलं बाळ आजारी होतं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. डायमंड-ब्लॅकफन आणि सीओएल-फोर-ए-वनमध्ये पालकांपैकी एकाला दोष असेल तर शक्यता ५० टक्के. पण डायमंड-ब्लॅकफनच्या बऱ्याच बाळांत तो बदल नव्यानेच झालेला असतो. म्हणून आधी आईवडिलांची चाचणी.

नेमका जनुकीय बदल माहीत असेल तर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाचा नमुना तपासता येतो. ती तपासणी नको असेल तरी गर्भाच्या मेंदूतल्या धमनीचा वेग डॉपलरवर बघत राहता येतं. तो अपेक्षेच्या दीडपटीहून जास्त झाला तर गर्भाला ॲनिमिया असल्याची शंका घेतात, आणि गरज पडली तर नाळेतून गर्भालाच रक्त देतात.

प्रसूतीआधी एक कागद तयार ठेवा. त्यावर आधीच्या बाळाच्या आजाराचं नाव, जनुकीय रिपोर्टचा सांकेतिक तपशील, रक्तविकारतज्ज्ञाचा फोन, आणि ‘जन्मताच नाळेच्या रक्ताचा नमुना राखून ठेवावा’ ही एक ओळ असू द्या. त्याच्या दोन प्रती काढा. एक फाइलमध्ये ठेवा आणि एक प्रसूतीच्या खोलीत तुमच्याबरोबर जो कोणी असेल त्याच्या खिशात.